जीनबाईंचे उंदीर आणि माझी नाचणी

उंदीर घरात शिरला की एकावर थांबत नाही. उंदरांच्या गोष्टींचंही तसंच. वर्षभरात माझ्याकडे इतक्या जमल्यात की सांगून थोड्या कमी कराव्या म्हणते. मला लिहिता येत नाही. मी सांगते, नात इरा लॅपटॉपवर उतरवते. चुका तिच्या, फजिती माझी.

आम्ही आखातात, खलिफा सिटीत राहतो. शेजारच्या व्हिलात जीनबाई, माझ्याच वयाच्या, स्कॉटलंडच्या शेतकऱ्याची लेक. त्याही मुलाकडे आलेल्या, मीही. ऊन उतरलं की दोघी बाकावर, मध्ये इरा दुभाषी.

पहिल्याच दिवशी त्या काहीतरी बोलल्या आणि इरा गप्प.

"सांग की गं."

"आजी, दॅट्स नॉट इंग्लिश."

ती त्यांची जुनी स्कॉट्स भाषा निघाली. इराला शाळेत इंग्रजीचं बक्षीस! म्हटलं, "ये, बस. आता दोघी सारख्याच अडाणी." मग जीनबाईंनी तेच सोप्या इंग्रजीत सांगितलं, आणि पुढे तोच रिवाज पडला.

*

बाकाखाली कोळिष्टक होतं. जुन्या स्कॉट्समध्ये त्याला म्हणे उंदराचं जाळं म्हणतात.

"तुमचे उंदीर विणतात? आमचे नुसते उसवतात," मी म्हटलं. त्या हसल्या, तशी मी चढले. आमच्याकडे उंदीर देवाचं वाहन, असं सांगून मोबाइलवर गणपती दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी देवाचं पोट पाहिलं, मग खालचा उंदीर.

"याला कुणी विचारलं होतं का?"

साठ वर्षं आरती म्हणतेय, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

*

एकदा त्यांनी घरी सूप प्यायला बोलावलं. वाढता वाढता त्यांच्या आजीची म्हण सांगितली: मटण अजिबात नसण्यापेक्षा हंडीत उंदीर बरा.

माझा चमचा तिथंच थांबला. इराला तीनदा विचारलं, "आत काय आहे?" तिन्ही वेळा ती म्हणाली, "पोटॅटो, आजी."

तरी मी उपास आहे म्हणाले. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. इरानं ते दुसऱ्या दिवशी जीनबाईंना सांगून टाकलं.

*

आता खरी गोष्ट. गावाहून येताना मी दहा किलो नाचणी आणली होती. आमच्या शेतातली, मी लावलेली शेवटची. आता शेत दुसऱ्याकडे कसायला दिलंय. सून मधुरानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, एक जरी उंदीर दिसला तर पोतं बाहेर. खलास."

एका सकाळी ओट्याखाली लेंड्या दिसल्या. मी झाडू घेऊन वाकले तोच मधुरा मागे उभी.

"काय सांडलं, आई?"

"काळे तीळ."

"संक्रांत झाली की."

त्याच दुपारी ती ऑफिसात असताना मी आणि इरानं पोतं ट्रॉली बॅगेत घालून जीनबाईंकडे नेलं. जीनबाई हरखल्या. त्यांच्या लहानपणी घरात धान्याची मोठी लाकडी पेटी असे. त्यांनी आपल्या पेटीतली ब्लँकेटं काढली आणि पोतं आत ठेवलं. हे गुपित आहे, एवढं सांगायला मात्र मी विसरले.

*

महिन्याभरानं मधुरा मला आणि इराला बोलवायला जीनबाईंकडे आली. जीनबाईंनी कौतुकानं तिचा हात धरला, पेटीपाशी नेलं आणि झाकण उघडलं. आतून एक लठ्ठ उंदीर निघाला, मधुराच्या पावलावरून गेला आणि दाराबाहेर पडला.

मधुरानं पोतं ओळखलं. मी माझ्या चपला बघत राहिले. बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

जीनबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्या जुन्या भाषेत काहीतरी म्हटलं, मग इंग्रजीत. इरानं मला सांगितलं, "आजी, हा त्यांच्याकडचा आशीर्वाद आहे. तुमच्या धान्याच्या पेटीतून उंदीर कधी उपाशी, डोळ्यांत पाणी घेऊन न जावो."

मधुरानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकली आणि पोत्याचं एक टोक धरलं.

"रडत नव्हता, आई. मी बघितलं. धरा तिकडून."