शेवळांचं लाइव्ह

मी किन्हवलीची. एका वृत्तवाहिनीसाठी शहापूर-मुरबाडच्या बातम्या पाठवते. जूनमधल्या एका सकाळी डेस्कवरून फोन आला, "रानभाज्यांवर दोन मिनिटांचं लाइव्ह दे. हलकंफुलकं." मोबाइल, स्टँड आणि माइक घेऊन मी स्कूटीवरून धसईच्या बाजारात पोचले.

डोंगरातल्या पाड्यावरच्या एक आजी शेवळं या रानभाजीचे वाटे आणि बाजूला थोडी हिरवी फळं मांडून बसल्या होत्या. टीव्हीवर बोलाल का, म्हणून विचारलं.

"बोलन की. पन गिऱ्हाईक आलं तं तुला थांबाया लागंल."

नेटवर्क फक्त एसटी थांब्याच्या ओट्यावर मिळत होतं. आजींची पाटी मी उचलली, शेवळं पुन्हा तिथे मांडली आणि लाइव्ह सुरू झालं. भाजी कशी करतात, असा स्टुडिओतल्या निवेदिकेचा प्रश्न माझ्या कानातल्या इअरफोनवर आला. तो मी आजींना विचारला.

आजींनी माझ्या हातातून माइकच घेतला. शेवळं कुठे उगवतात, कशी खुडायची, सगळं सावकाश सांगू लागल्या. साफ कशी करायची इथवर आल्या, तोच कानात निर्माता ओरडला, "आवर! जाहिराती लागायच्यात!"

मी माइककडे हात नेला. आजींनी तो दुसऱ्या हातात धरला.

"थांब गो. काकडं सांगायची राह्यली. ती आंबट फळं टाकल्याबिगर खाल्ली तं घसा खाजतो. अर्धं आयकून कोनी भाजी केली तं शिव्या मला पडतील."

खरंच होतं त्यांचं. कानातला आरडाओरडा ऐकत मी हात मागे घेतला. काकडं कुटून रस कसा घालायचा ते पुरतं सांगून झाल्यावरच त्यांनी माइक परत दिला.

निर्मात्याने फोनवर मला भरपूर झापलं. नोकरीवर येतंय की काय, असं वाटलं. पण अर्ध्या तासात त्याचाच पुन्हा फोन. आवाज पार बदललेला.

"अगं, लोकांचे फोन येतायत. काकडं नसतील तर चिंच चालते का, विचार ना त्यांना."

आजी हसल्या. "चालते. पन हात आखडू नका म्हनावं."

मी ते कळवलं, स्टँड गुंडाळला आणि आजींच्या शेजारी ओट्यावर बसून वडापाव खाल्ला. तेवढ्यात त्यांच्याकडे दोन गिऱ्हाइकं आली. त्यांनाही आजींनी आधी काकडं दाखवली.