इमोशनमध्ये काय हलतं?

मंडळी, आज दुपारी अंबाजोगाईतल्या आमच्या क्लासमध्ये जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवेना.

मी नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुलींना इंग्रजी शिकवते. आज फळ्यावर मोटर, मोशन, प्रमोशन, इमोशन असे शब्द लिहिले. म्हटलं, हे सगळे 'हलणं' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेत.

घाटनांदूरची सारिका उठली. "मॅडम, मोटर हालती ते कळलं. पण इमोशनमधी काय हालतं?"

पोरी खो-खो हसल्या. सारिका तशीच उभी राहिली.

"माझ्या आईला लकवा झालाय," ती म्हणाली. "हात हालत न्हाई, बोलता येत न्हाई. पण मी क्लासला निघाले की तिचे डोळे भरतेत. म्हणून इचारलं."



मी म्हटलं, "यातल्या 'इ'चा अर्थ बाहेर. आतलं काहीतरी हलतं आणि बाहेर येतं."

"म्हंजे तिला सगळं कळतंय," असं म्हणून सारिका रडायलाच लागली. आईला रोज शेजारणीवर सोपवून यावं लागतं, म्हणून ती क्लास सोडायच्या विचारात होती, हे मला तेव्हा कळलं.

मघाशी सगळ्यात मोठ्यानं हसलेली रेश्मा तिच्याच गावची. ती उठून सारिकाजवळ गेली. "क्लास सोडू नकोस. मॅडम, मला सकाळच्या बॅचला घ्या. दुपारी मी बसते हिच्या आईजवळ."

मी लगेच हो म्हटलं.

तुमच्या घरी बोलू न शकणारं कुणी आहे का? त्यांच्या मनातलं तुम्ही कशावरून ओळखता? जरूर लिहा. मला ते सारिकाला वाचून दाखवायचंय.