कोपऱ्यातला काळा बाण

नव्व्याण्णव सालची दुपार. तमिळनाडूत, कुंभकोणमला आमच्या रस्त्यावर इंटरनेटचं नवीन ब्राउझिंग सेंटर उघडलं होतं आणि मी चपला बाहेर काढून, घाम पुसत तिथे बसलो होतो...

मुलगी सुधा अमेरिकेत, पहिलं बाळंतपण, आणि फोन काही लागत नव्हता. जावयांनी इंटरनेटवर स्वतःचं एक पान केलं होतं, रोजची खबर ते त्यावर लिहीत. सेंटरवाल्याने ते पान उघडून दिलं, माउस कसा दाबायचा तेवढं दाखवलं आणि जेवायला निघून गेला.

माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. मजकूर आमच्या घरच्या मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत... एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. 'सुधाला ऑपरेशनसाठी आत नेलं. आत्ताच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले'... आणि तिथेच पडद्याची काच संपली!

जावई अर्ध्यावर लिहायचे थांबले, म्हणजे काय समजायचं?

"अहो, गप्प का झालात? पुढे वाचा की," मागे उभी असलेली बायको म्हणाली.

"पुढे काही नाहीच."

"मग काचेत नाक कशाला खुपसताय? आतून कोण येणार आहे?" बोलली खरी, पण माझ्या खांद्यावरून तीही काचेत डोकावली.

आमच्याकडे शुभ बातमीच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद लावतात आणि कुणी गेल्याच्या पत्राला काळं. सवयीने मी पडद्याचे कोपरे पाहिले... पिवळं कुठेच नव्हतं. उजवीकडे खाली मात्र एक काळा ठिपका! मला बायकोकडे बघवेना.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठिपका नव्हता, बाण होता. टोक खाली... हा मला खाली बघ म्हणतोय की काय? माउस तिथे नेला आणि दाबला. पान वर सरकलं!

'मुलगी झाली. दोघी सुखरूप.'

बायकोने तिथल्या तिथे बाळंतिणींना जपणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला हात जोडले. मग म्हणाली, "आणखी दाबा हो, वजन लिहिलंय का बघा!" पान संपलं तरी मी दाबतच होतो...

त्या बाणाचा उपयोग मला कुणीच सांगितला नव्हता. ज्याने कुणी तो तिथे ठेवला, त्याने माझ्यासारख्या घाबरटाचा विचार आधीच केला असणार... त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.