मोठ्या बाईंचा उन्हाळी मेळावा

आमच्या मोठ्या बाईंच्या हाती सूर्य लागला असता, तर त्यांनी त्यालाही सोडलं नसतं. छातीवर ‘उजेड विभाग’ असा बिल्ला टाचून त्याला पहाटे पाचला मांडवापाशी हजर राहायला लावलं असतं आणि पाच मिनिटं उशीर झाला तर सगळ्या गावासमोर माईकवरून विचारलं असतं, ‘काऊन रे, आता डोळा उघडला काय तुया?’

मोठ्या बाई म्हणजे माझ्या मिस्टरांची मोठी बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. सगळी नोकरी अहेरीकडच्या एका मुलींच्या आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून झाली. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं शेकडो मुलींना उठवलं, न्हाऊ घातलं, जेवू घातलं, झोपवलं. त्यामुळे मुदतीआधीच निवृत्ती घेऊन नागभीडजवळच्या आमच्या गावी राहायला आल्या तेव्हा त्यांना गाव दिसलंच नाही, वसतिगृह दिसलं. फक्त या वसतिगृहातल्या मुली वयानं जरा जास्त होत्या, काहींना मिशा होत्या आणि बऱ्याच जणांची नखं वाढलेली होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी माजी सरपंचांना हात पुढे करायला लावून नखं तपासली. सरपंच घरी गेले आणि गुपचूप कापून आले. त्या दिवसापासून गावात बाईंच्या अधिकाराबद्दल कोणी शंका घेतली नाही.

आमच्या गावात दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी उन्हाळी मेळावा होतो. चंद्रपूर, नागपूर, मूल, कुठे कुठे नोकरीला गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात, पोरांच्या शर्यती होतात, बायांच्या घागरीच्या शर्यती होतात आणि दुपारी सगळ्या गावाचं एकत्र जेवण होतं. बाई येण्याआधीही तो होत होता, पण होता होता व्हायचा. भात तयार असायचा तेव्हा वरण नसायचं, आणि वरण यायचं तेव्हा लोक घरी जाऊन जेवून झोपलेले असायचे. बाईंनी ही सगळी व्यवस्था हातात घेतली आणि गावातल्या प्रत्येक माणसाला एकेका विभागात टाकलं.

विभाग म्हटले की बिल्ले आले. बिल्ल्यासाठी पुठ्ठा विकत आणणं बाईंच्या तत्त्वात बसत नाही. वर्षभरात आलेल्या लग्नपत्रिका त्या जपून ठेवतात आणि एप्रिलमध्ये बसून कापतात. त्यामुळे आमच्या मेळाव्यातल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या छातीवर पुढून ‘पाणी विभाग’ असतं आणि वाऱ्यानं बिल्ला उलटला की ‘चि. सौ. कां.’ दिसतं. एका वर्षी माझे मिस्टर दिवसभर ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं छातीवर मिरवत खरकटी भांडी उचलत होते.

माझी आणि बाईंची पहिली खरी भेटही बिल्ल्यानंच झाली; लग्नात नुसती तोंडओळख झाली होती. लग्नानंतरचा पहिला मे. चंद्रपूरहून गाडी येऊन थांबली, मी नवी साडी सावरत उतरले, वाकून नमस्कार केला. बाईंनी आशीर्वाद द्यायला हात वर केला आणि खाली आणताना माझ्या पदरावर बिल्ला टाचला. ‘शोभा, तू पन्ह्यात,’ म्हणाल्या. पाणी नंतर मिळालं. त्या वर्षी मी इतक्या कैऱ्यांचा गर काढला की परत गेल्यावर आठवडाभर माझ्या बोटांची टोकं झोंबत होती. पण खरं सांगायचं तर नव्या सुनेला अनोळखी गावात कुठे उभं राहावं हे कळत नाही, ते मला त्या दिवशी विचारावंच लागलं नाही. माझी जागा ठरलेली होती, पन्ह्याच्या गंजाशेजारी, म्हणजे त्या भल्यामोठ्या पातेल्याशेजारी.

नागभीडचे टेलर चाचा, ज्यांनी गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले, ते मेळाव्याला दरवर्षी सहकुटुंब येतात. त्यांच्या गुडघ्यांना उभं राहणं सोसत नाही. म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी ‘सावली विभाग’ काढला. सकाळी चिंचेची सावली पश्चिमेकडे असते आणि दुपारी ती फिरते, तेव्हा बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांनाही सावलीबरोबर सरकवायचं, एवढंच काम. चाचा खुर्चीत बसून ते फार मनापासून करतात. ‘आजी, धूप आ गयी, थोडं इकडं सरका,’ म्हणतात. आजी म्हणते, ‘मले बरं वाटते इथीच.’ चाचा म्हणतात, ‘बाई देख रही है.’ आजी लगेच सरकते.

आणि माईक. बाईंचा आवाज मुळातच माईकची गरज नसलेला, पण तो हातात आला की त्यांना वेगळंच बळ येतं. त्यांच्या सूचनांमध्ये उपदेश, चौकशी आणि न्यायनिवाडा एकाच वाक्यात असतो. ‘पांढरी बकरी मांडवात शिरली आहे, तिले कोनता विभाग देला कोनी सांगाल काय.’ ‘बोअरिंगजवळ दोन पोरं चिखल करून राह्यले, त्याईची माय इथीच आहे, मले दिसून राह्यली.’ अशा वेळी मांडवातल्या सगळ्याच आया दचकून उठतात.

एवढं सगळं करताना स्वतः बाई मात्र सावलीत कधी बसल्या नाहीत. छत्री असते, ती कोणाच्या तरी लेकराच्या डोक्यावर असते. पाणी आधी सगळ्यांना, मग उरलं तर आपल्याला, आणि ते उरलंय की नाही हे बघायला त्यांना वेळ नसतो. गेल्याच्या गेल्या वर्षी त्याचं व्हायचं तेच झालं. नवतपाचं, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांचं ऊन होतं. शर्यतीची रेघ आखता आखता बाई चुन्याच्या फक्कीसकट खाली बसल्या, आणि मग आडव्या झाल्या. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, वय आहे, पुन्हा उन्हात उभ्या राहिल्या तर माझ्याकडे आणूनही उपयोग होणार नाही.

गाव घाबरलं. पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आधी मंडळाची बैठक झाली. मंडळाचा अध्यक्ष प्रशांत, बाई गावी आल्या तेव्हा शाळेत होता, म्हणजे त्यांनी स्वतः नखं कापून वाढवलेला मुलगा. त्यानंच सुचवलं की बाईंचा सत्कार करायचा आणि त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बसवायचं, म्हणजे त्यांना उठता येणार नाही. आदल्या संध्याकाळी सत्कार झाला. भर मे महिन्यात बाईंच्या अंगावर लोकरीची शाल घातली, नारळ दिला. मांडवात कूलरसमोर गादीची खुर्ची ठेवली होती, तीही दाखवली. ‘बाई, उद्या तुमी फक्त इथी बसाचं. सगळं आमी पाहून घेतो,’ प्रशांत म्हणाला. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. त्यांना काही न बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मिस्टरांना वाटलं, ताईला पटलं. भावांना असं वाटतं.

सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले तर खाट रिकामी. शाल घडी करून उशाशी ठेवलेली, फोन तिच्यावर. छत्री खुंटीला होती. मला वाटलं, मांडवाकडे गेल्या असतील. मांडवात नव्हत्या. शाळेकडे नव्हत्या. पाणपोईवर कांता होती, आमच्या शेजारची, बाईंचा उजवा हात. तिनंही त्यांना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, ‘मोहफुलाच्या टायमाले जंगलाकडं जायच्या कधीमधी. पण आता कायचा मोह? आता तर तेंदूपत्तावालेही तिकडं जात नाई.’ का जात नाहीत ते आम्हा दोघींना माहीत होतं. तलावाच्या मागच्या झुडपांत त्याच आठवड्यात वाघाची पावलं दिसली होती.

पाहता पाहता बातमी गावभर झाली. ऊन चढत चाललं होतं. पुरुष काठ्या घेऊन निघाले, वनरक्षकाला फोन केला, पोरं मोटारसायकलींवर फाट्यापर्यंत जाऊन आली. प्रशांतचा चेहरा पांढरा पडला होता. ‘मीच बसवलं न बाईले,’ एवढंच तो म्हणत होता. टेलर चाचा आपली खुर्ची सोडून, गुडघे धरत धरत, प्रत्येक मोठ्या झाडाखाली बघून येत होते. ‘चक्कर आली असंल तर झाडाखालीच बसली असंल ना,’ म्हणत होते. कांता मात्र हलली नाही. ‘पोराईले भूक लागल. कोनीतरी इथी पाह्यजे,’ म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी मिस्टरांबरोबर तलावाच्या पाळीवर गेले, मागून प्रशांत आणि काठ्या घेतलेली काही पोरं. मिस्टर पुढे चालले होते, अनवाणी. चपला घालायचं भान नव्हतं. तापलेल्या मातीवर त्यांचे पाय पडत होते आणि ते वळूनही पाहत नव्हते. तलाव आटून मध्यभागी थोडं पाणी उरलं होतं. झुडपांकडून एक टिटवी ओरडत उडाली आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मला आठवतं, मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते की निदान छत्री तरी न्यायची होती.

पलीकडे रेल्वेलाइन आहे आणि लाइनीपलीकडे दुसरं गाव. त्या गावाशी आमच्या गावाचं कबड्डीच्या एका निकालावरून फार जुनं वाकडं आहे. आम्ही त्यांचं नावही घेत नाही, ‘लाइनीपलीकडचे’ म्हणतो. त्यांचाही मेळावा त्याच रविवारी होता, कारण एकमेकांना विचारून तारीख ठरवायची रीत नव्हती. सकाळपासून त्यांच्या भोंग्यावर गाणी वाजत होती आणि आमच्या जिवाला घोर लागलेला असताना ती गाणी फार वाईट वाटत होती. तेवढ्यात गाणं मध्येच बंद झालं. भोंगा खरखरला. आणि वाऱ्याबरोबर, आटलेल्या तलावावरून, स्पष्ट ऐकू आलं :

‘ज्याईचं पन्हं पिऊन झालं त्याईनं गिलास जागेवर ठेवाचा. आणि ह्या निळ्या शर्टवाल्यानं आधी नखं दाखवाची.’

माझे मिस्टर पाळीवरच खाली बसले. गुडघ्यांत डोकं घातलं. मला आधी वाटलं रडताहेत, मग कळलं हसताहेत, आणि मग कळलं की दोन्ही. पोरं हातातल्या काठ्या टाकून नुसती उभी राहिली. प्रशांत भोंग्याच्या दिशेनं हात जोडून उभा होता, तापलेल्या रुळांना नमस्कार केल्यासारखा.

आम्ही गेलो तेव्हा बाई त्यांच्या मांडवात, बरोबर मधोमध, एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन उभ्या होत्या. तिथला अध्यक्ष आमच्याकडे पाहून चपापला. ‘ह्या तुमच्या गावच्या होय? आमाले वाटलं पंचायत समितीतून मॅडम पाठवली. आल्याबरोबर कामं वाटाले लागल्या, मंग कोन विचारते?’

मिस्टर पुढे झाले. इतक्या वेळचा धसका आता रागात उतरला होता. ‘ताई, सांगून तरी जायचं. सारं गाव तुले वाघाच्या तोंडात शोधून राह्यलं.’

‘फिराले निघाली होती,’ बाई म्हणाल्या. ‘त्याईच्या बाया एवढा मोठा गंज तीन वाकड्या गोट्यावर चढवून राह्यल्या होत्या. पाह्यवलं नाई.’

‘पण सांगायचं.’

‘सांगितलं असतं त तुमी जाऊ देलं असतं काय?’ मग जरा हळू आवाजात, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘तिथी मले खुर्ची देली, शोभा. इथी कोनाले माहीत नोतं न मी बिमार आहो म्हून. यायनं मले झारा देला.’

प्रशांतनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. बाईंनी त्याच सपाट्यात त्याला उभं केलं आणि पाणी विभागात टाकलं. लाइनीपलीकडच्यांनी आम्हाला तसं सोडलं नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात होता. आमची माणसं त्यांच्या पंगतीला बसली, कितीतरी वर्षांनी, आणि कबड्डीचा विषय कोणी काढला नाही. तोंडात वडा होता हेही एक कारण असेल.

परत येताना बाईंना ऑटोत बसवलं, शेजारी मी. गाव जवळ आलं तेव्हा लांबून आमच्या मांडवातला गलका ऐकू आला. बाईंनी मान वर केली.

‘आपला मेळावा सुरू झाला काय?’

‘झाला. कांताचा फोन आला होता. पोरांना तिनं वेळेवर जेवू घातलं. आता मोठ्यांची पंगत बसलीय.’

‘माह्याबिगर?’

‘हो, बाई,’ मी म्हटलं.

त्या बाहेर बघू लागल्या. रस्त्याकडेला पळसाची पानं धुळीनं माखली होती. मग त्यांनी विचारलं, ‘वरण गरम होतं काय?’

मी तर तिथे नव्हतेच. पण मी म्हणाले, ‘होतं.’

‘मंग झालं,’ म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही उठायच्या आत त्या उठलेल्या आणि आम्ही निजल्यावर निजणाऱ्या. डोकं अगदी हलकं होतं, शाळकरी मुलीचं असावं तसं. ऑटोवाल्यानं मांडवापाशी थांबू का म्हणून मागे वळून पाहिलं. मी मानेनंच नाही म्हटलं, आणि तलावाला वळसा घालून, जरा लांबच्या वाटेनं, हळू न्यायला सांगितलं.