शेठ आत, शेठ बाहेर

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. सलग अकरा दिवस, दिवसाढवळ्या, फाटकावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणि हातात वाटाण्यांची बरणी देऊन फसवलं. भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षं स्टीलचे डबे बनवतोय. पत्र्याच्या दलालापासून टेम्पोवाल्यापर्यंत मला गंडवायला आलेला प्रत्येक माणूस जाताना स्वतःचंच काहीतरी सोडून गेलाय. आणि अखेर मला गंडवलं कोणी, तर अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये ज्यांच्याइतका सरळ माणूस सापडायचा नाही, भाजीवाल्याने चुकून टाकलेल्या दोन जास्तीच्या मिरच्या परत करायला जे चार जिने उतरतात, त्यांनी!

हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मुंबईतली जागा विकून इथल्या बेव्हर्ली पार्कात राहायला आले. त्याआधी जन्मभर एका मोठ्या कंपनीत लोकांचे कारखाने आणि गोदामं सुधारून द्यायचे. त्या कामाला सिम्युलेशन म्हणतात. म्हणजे असं, की खऱ्या कारखान्यात साधं स्टूल हलवायच्या आधी तोच कारखाना खोटा उभा करायचा, त्यात खोटी माणसं, खोटा माल, खोट्या अडचणी सोडायच्या आणि कुठे काय तुंबतंय ते बघायचं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल दिली, पण सवय काढून घेतली नाही. लॅपटॉपवर चढवण्याआधी ते सगळं कडधान्यांवर करून बघतात. हरभरा म्हणजे माणूस, वाटाणा म्हणजे टेम्पो, मूग म्हणजे माल, आणि ज्या गोष्टीचा नेम नाही तिच्यासाठी लुडोचा फासा. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी पलंगावर अख्खं कार्यालय मांडलं आणि जाहीर केलं, की विड्याच्या टेबलापाशी माझे सगळे काका बोलत उभे राहणार आणि पंगत तिथेच तुंबणार. म्हणून आम्ही टेबल कोपऱ्यात नेलं. काकाही टेबलामागोमाग कोपऱ्यात गेले, आणि कोपऱ्यात हात धुवायची जागा होती. पुढची पंगत खरकट्या हातांनी अर्धा तास ताटकळली. साडू मात्र खूश. म्हणाले, "काका टेबलाला चिकटलेले असतात, हे आपल्याला आधी माहीत नव्हतं."

त्यांच्या या शास्त्राचा सगळ्यांत जास्त त्रास ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. पण त्याही आता तयार झाल्यात. एकदा मी फोन करून विचारलं, "ताई, आमच्या कारखान्याचं कुठवर आलं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्यावर काल पाणी सांडलं. वाया कशाला घालवा, म्हणून आज उसळ केली. छान झाली होती."

कारखान्याचं हे प्रकरण निघालं ते एका व्यापाऱ्यामुळे. हा हॉटेलांना भांडी पुरवतो आणि माझा निम्मा माल एकटा उचलतो. दोनदा त्याचा माल माझ्याकडून उशिरा गेला होता. तिसऱ्या वेळी त्याने मोठी ऑर्डर दिली, पुढच्या आठवड्यात पत्रा आल्यापासून चौदा दिवस दिले आणि वर म्हणाला, "शेठ, इस बार देर हुई, तो अपना नमस्ते." हा गेला असता तर मला पत्रा दाबायच्या दोनपैकी एक प्रेस बंद करावी लागली असती आणि तीन-चार माणसांना घरी पाठवावं लागलं असतं. मी घरी येऊन ताटावर ओरडलो. बायको म्हणाली, "माझ्या भाऊजींना विचारा की. उगाच आमटीवर कशाला ओरडताय?"

साडू दुसऱ्याच दिवशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून गाळ्यावर हजर. पहिला प्रश्न, "एक डबा पॉलिश करायला किती वेळ लागतो?" समोरच्याने आकडा विचारला की खरा सांगायचा नाही, यावर माझा धंदा उभा आहे. मी म्हटलं, "दोन मिनिटं." मिस्त्री माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "पाँच मिनट, साब." साडूंनी दोन्ही लिहून घेतलं आणि स्वतः घड्याळ लावून उभे राहिले. साडेतीन निघाले. ते म्हणाले, "तुमच्या कारखान्यात खरा आकडा मधे कुठेतरी उभा असतो आणि तुम्ही दोघं त्याच्याकडे पाठ करून बोलता." मग चार दिवस ते प्रेस, पॉलिश, धुणं, पॅकिंग, गोडाऊन, टेम्पो असं सगळं मोजत हिंडले. मी एखाद्यावर ओरडायला लागलो की त्यांचा अंगठा घड्याळावर जायचा, पण ते यंत्राचाच वेळ मोजताहेत असं कोणालाही वाटेल.

पाचव्या दिवशी लॅपटॉपने निकाल दिला, एकोणीस दिवस. मी म्हटलं, "जास्त होतात. बारा करा."

"हे कमी करता येत नाही. हे मोजलेलं आहे."

"बरं, तेरा. माझं राहू द्या, तुमचं राहू द्या."

"अहो, हा लॅपटॉप आहे."

"असेल ना. मी काय लॅपटॉप पाहिले नाहीत? चौदा. शेवटचं."

साडूंनी एकोणीसवर बोट ठेवलं. मी उठलो आणि दारापर्यंत गेलो. अशा वेळी दुकानदार मागून हाक मारतो, हा सगळ्या जगाचा नियम आहे. लॅपटॉपने हाक मारली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दारातून आपण होऊन परत आलो.

त्यानंतर साडू दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "अडथळा सापडला. फाटकावर आहे. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे कोणीतरी बसून आत येणारा प्रत्येक टेम्पो मोजायला हवा. एक टेम्पो, एक वाटाणा."

"मिस्त्रीला बसवतो."

"मिस्त्री गप्पा मारेल. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही असा माणूस हवा." आणि माझ्याकडे बघून थांबले. एवढ्या स्वस्तात मला आजवर कोणी विकत घेतलेलं नाही.

तेव्हापासून मी फाटकावर. माझ्या नजरेतून खरोखर काही सुटलं नाही. एक टेम्पो आत आला, लगेच उलटा बाहेर गेला आणि परत आत आला. मी साडूंना फोन केला, "किती वाटाणे?" त्यांनी टेम्पोचं येणं-जाणं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "दीड टाका." वाळलेला वाटाणा दाताखाली धरून अर्धा करणं काय असतं ते माझ्या उजव्या दाढेला विचारा. अकरा दिवसांत दोन बरण्या भरल्या, माझं मोजणं चोख झालं आणि ऑर्डर मुदतीच्या एक दिवस आधी निघून गेली. व्यापाऱ्याचा फोन आला, "शेठ, तबीयत ठीक है ना?" मी पेढे मागवले. पहिला पेढा साडूंना द्यायला ऑफिसात गेलो, तर ते हात धुवायला गेलेले आणि लॅपटॉप उघडा. पडद्यावर दोन नावं होती. एक 'शेठ आत', दुसरं 'शेठ बाहेर'.

मी पहिलं दाबलं. माझा गाळा वरून दिसला. निळे ठिपके म्हणजे माणसं, राखाडी चौकोन म्हणजे डबे, आणि त्यात फिरणारा एक लाल ठिपका. लाल ठिपका पॉलिशपाशी गेला की पॉलिश थांबायचं. पॅकिंगला गेला की एकेक झाकण उघडून बघायचा आणि मागे रांग लागायची. टेम्पोपाशी गेला की भाड्याची घासाघीस संपेपर्यंत टेम्पो जागचा हलायचा नाही. मधेच तो लुकलुकायला लागायचा, तेव्हा अख्ख्या कारखान्यातले निळे ठिपके जागच्या जागी थिजायचे. खाली आकडा आला, एकोणीस. दुसरं दाबलं. तोच गाळा, पण लाल ठिपका नाही. डबे असे निघाले, जसं उतारावरून पाणी. तेरा.

साडू रुमालाला हात पुसत आले. मी विचारलं, "हा लाल कोण?"

"तुम्ही," ते म्हणाले. खोटं त्यांना एकदाच जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. "तुम्ही ओरडता तेव्हा एक जण ऐकतो आणि अकरा जण बघतात. सरासरी सात मिनिटं."

"आणि वाटाणे?"

"वाटाण्यांचा काही उपयोग नव्हता. पण नुसतं घरी बसा म्हटलं असतं तर बसला असता का?"

मग मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यातही सगळ्यांत जास्त कशाने पेटलो, तर मी ओरडत असताना त्यांचा अंगठा सवयीने घड्याळावर गेला. मी म्हटलं, "माझ्या गाळ्यात परत पाऊल टाकू नका." त्यांनी लॅपटॉप मिटला, दोन्ही बरण्या काखेत मारल्या आणि निघाले. जाताना स्वतःशीच पुटपुटले, "नऊ मिनिटं. हे नवीनच."

याला महिना होऊन गेला. रविवारी ते सुकटीच्या चटणीला यायचे, ते येत नाहीत. मी मात्र अजून रोज सकाळी फाटकावर बसतो. कोणी सांगितलेलं नाही. टेम्पोवाले हात करतात. चहा तळापर्यंत गरम पितो, जो बावीस वर्षांत कधी प्यालो नव्हतो. आत गाळा चालतोय, फाटकापर्यंत प्रेसचा आवाज येतो, एका तालात. मी ओरडलो नाही तर प्रेस खाली येणारच नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. परवा आईला हे सांगितलं. तिचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. ती म्हणाली, "तुझा बापूस पन असाच व्हता. मीठ सुकत न्हाय म्हनून मिठावं वरडायचा."

काल ताईंचा फोन आला. "अहो, यांना तुमच्याकडे यायचंय. पण चार दिवस हरभरे मांडून आणि फासा टाकत बसलेत. तीस वेळा करून बघितलं म्हणे. एकोणतीस वेळा तुम्ही दारातच ओरडता."

"आणि तिसाव्या वेळी?"

"तिसाव्या वेळी तुम्ही घरी नसता."

आता माझी तक्रार वाटाण्यांबद्दल राहिलेली नाही. माझं ओरडणं या माणसाने सेकंदापर्यंत मोजलं, कबूल. पण ओरडून झालं की मी दर वेळी सगळ्यांना चहा सांगतो, हे मिस्त्रीला विचारा, प्रेसवाल्याला विचारा. ते चार-पाच दिवस गाळ्यावर होते तेव्हा पहिला कप मी स्वतः त्यांच्या हातात दिलाय. तो चहा मॉडेलमध्ये का नाही? लाल ठिपका लुकलुकायचा थांबला की पुढे कुठे जातो, हे बघायला ते घड्याळ बंद करून दोन मिनिटं उभे का राहिले नाहीत? एकोणतीस वेळा मी दार उघडतो आणि एकदाही "या, आत या" म्हणत नाही? हे आकडे भरले कोणी? रविवारी मी घरीच आहे. हरभरे आणा, फासा आणा, ते घड्याळही आणा, पण समोर बसून याचं उत्तर द्या, साडूभाऊ.