वन्संचं न्हाणीघर

गल्लीत सगळेच त्यांना वन्सं म्हणायचे. भावजयीच्या तोंडची हाक होती, ती सगळ्यांनीच उचलली. पन्नाशीला टेकल्यावर नवऱ्याचं घर सोडून वन्सं धाकट्या भावाकडे आल्या. का, ते सांगितलं नाही. लग्नाआधी पार्लरमध्ये केस कापायच्या, पण आता त्या वयात तिथे कोणी घेईना. मग भावाने मागच्या खोलीत टब बसवून दिला आणि वन्सं कुत्र्यांना न्हाऊ घालू लागल्या.

त्यांच्याकडे बहुतेक झुबकेदार कुत्री यायची, वर लांब केस आणि खाली लोकरीसारखी दाट लव असलेली. आधी कोरडं विंचरून सुटलेली लव काढायची, मग आंघोळ, मग पार कातडीपर्यंत वाळवायचं. आत ओल राहिली की खाज सुटलीच.

ती लव घरभर उडायची. एकदा धुतलेल्या चादरींवर बसली आणि भावजयीचा तोल गेला. "हे घर आहे की धर्मशाळा?" वन्संना ते लागलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप भावामार्फत जायचे. बिचाऱ्याचा पोस्टमन झाला होता.

एका दुपारी शेजारच्या मास्तरांनी त्यांचं म्हातारं, अस्वलाएवढं पांढरं कुत्रं आणून सोडलं. मागच्या पायांत जोर नाही, टबात उभंच राहीना. वन्सं एका हाताने पोट सावरत, दुसऱ्याने पाणी घालत होत्या. धडपड ऐकून भावजय आली. क्षणभर दारात थांबली, मग बाह्या सारून कुत्र्याला म्हणाली, "सांग तुझ्या मावशीला, मी धरते."

"तिला सांग, कंबर सांभाळ म्हणावं," वन्सं कुत्र्यालाच म्हणाल्या.

न्हाणं झालं. दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या. वन्सं बोटांनी केस दुभागत होत्या, भावजय ड्रायर धरत होती. कुत्र्याने सुखाने डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने भावजयीने ड्रायर बंद केला. कुत्र्याचा कान कुरवाळत हळूच म्हणाली, "मावशीला विचार, तिकडे मारायचे का रे तिला?"

वन्सं केस दुभागत राहिल्या. "मारत नव्हते," त्या कुत्र्याला म्हणाल्या. "बोलत नव्हते. वर्षानुवर्षं. जेवणाचं ताट सरकवलं की झालं."

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं.

"वन्सं," ती म्हणाली, "जरा इकडे सरका. मागचे पाय अजून ओले आहेत."

"अगं, दमली असशील. दे तो ड्रायर."

"असू दे. तुम्ही विंचरा."

मास्तर आले तेव्हा कुत्रं दोघींच्या मांड्यांवर आडवं घोरत होतं आणि दोघींच्याही पायांना मुंग्या आल्या होत्या. "चहा टाका आणि बसा जरा," भावजयीने त्यांनाच कामाला लावलं.

आता वाळवण्याचं काम भावजयीकडे आहे. कंगवा कुठे ठेवला यावरून दोघी रोज भांडतात, मग त्यावरूनच हसत बसतात. भाऊ म्हणतो, पूर्वी निदान टीव्हीवरच्या बातम्या तरी ऐकू यायच्या.