डोक्याला घातलेलं खत

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या डोक्याला खत घातलं. आठवड्यातून दोनदा अंडं, एक दिवसाआड भाताची पेज, मधल्या रिकाम्या दिवशी भिजवून वाटलेली उडदाची डाळ, आणि रविवारी या सगळ्यावर डब्यातला केराटिनचा लेप. वय पासष्ट. उभा जन्म श्रीवर्धनात सुपारीच्या वाडीत गेला. कोणत्या झाडाला काय, किती आणि कधी घालायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण झाड ते झाड आणि आपलं डोकं ते डोकं, अशी माझी समजूत होती.

ही वेळ का आली ते सांगायचं तर आणखी थोडं मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की तिथे एक बाई भेटते. तिला मी हल्ली ओळख दाखवत नाही. ती मीच, एका वर्षाने लहान. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि बाईसाहेबांच्या मनात आलं, जन्मभर या कुरळ्या केसांशी झटापट केली, निदान लग्नाच्या फोटोत तरी सरळ केसांनी उभं राहावं. मुंबईच्या एका पार्लरमध्ये जाऊन चार तास बसली. औषधाच्या वासाने डोळ्यांत पाणी, मान अवघडलेली, तरी आरशात बघून आपली हसतेय. विसाव्या वर्षी हीच बाई टेबलावर डोकं ठेवून कोळशाच्या इस्त्रीखाली केस घालत होती. मधल्या पंचेचाळीस वर्षांत काय शिकली म्हणाल, तर टेबल सोडून खुर्चीत बसायला.

लग्नात सगळे म्हणाले, छान दिसतेस. एकटी नात काही बोलली नाही. ही थोरल्या मुलाची मुलगी, पनवेलला असते, तेव्हा नुकतीच दहावीत गेली होती. तिचे केस अगदी माझे. म्हणजे माझे आधीचे. शाळेत तिला नूडल्स म्हणतात. तिने माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि पंगतीत जाऊन बसली.

बोलली ती दिवाळीत, चकल्या तळताना.

"आजी, दहावी झाली की मी पण सरळ करून घेणार आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आत."

"कशाला गं? किती छान आहेत तुझे."

"छान आहेत तर तू का केलेस?"

"मी म्हातारी झाले. माझं काय."

"म्हातारपणी अक्कल येते ना? मग अकलेनेच केलं असशील."

उलट उत्तर द्यायला या पोरीला मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार. पण सोळाव्या वर्षी एकदा त्या खुर्चीत बसली की दर सहा महिन्यांनी नवी मुळं सरळ करायला बसणार, आणि जन्मभर आरशासमोर स्वतःशी भांडणार. ते भांडण मला पाठ आहे. मी झारा खाली ठेवला आणि म्हणाले, "मी माझे परत कुरळे करून दाखवते. मे महिन्यात येशील तेव्हा बघ. तोवर तू काही करायचं नाहीस."

"आणि नाही झाले तर?"

"तर तुझ्या मनासारखं कर."

बोलून बसले खरी. एकदा औषधाने सरळ केलेला केस परत कुरळा होत नाही. मुळातून जो नवा येतो तोच कुरळा. दिवाळीपर्यंत मुळाशी चार बोटं कुरळे आले होते आणि खाली हातभर सरळ लोंबत होते. कलमाला जोड असतो तसा मध्ये एक जोड, आणि तिथेच सगळा नाजूकपणा. अशा वेळी करायचं असतं ते एकच. थांबायचं. ते मला कधी जमलेलं नाही. फोनवर कुणीतरी सांगत होतं की केस केराटिन नावाच्या प्रोटीनचेच बनलेले असतात. झालं. माझ्या डोक्यात लगेच वाडी उभी राहिली. घाल खत.

मासळी आमच्या घरात फक्त झाडं खातात. सुक्या मासळीची पूड पोफळींच्या बुंध्याशी गेली तर तिचा विटाळ नाही, पण अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं माझ्या सासूबाईंच्या फोटोलाही चालणार नाही. म्हणून मी अंडी मागच्या पडवीत, रंगाच्या जुन्या डब्यात, भाताच्या तुसात लपवायची. आणायची आमच्याकडे सुपारी सोलायला येणाऱ्या बाईकडून.

"आजी, येवढी अंडी कोन खातंय? न्हाय, इचारलं आपलं," ती एकदा म्हणाली.

"डोकं खातंय."

"माजं पन खातंय. पन अंडी न्हाय मागत."

पहिले पंधरा दिवस केस जाड लागले, मी खूश. मग ते ताठ झाले. मग हाताला काथ्यासारखे लागायला लागले, आणि जानेवारीत तुकडे पडायला लागले. उशीवर, ब्लाउजच्या खांद्यावर, देवाच्या ताम्हनात. गळणारा केस मुळासकट येतो, हे मधूनच तुटलेले, बोटभर. मी काय केलं असेल? कमी पडतंय म्हणून अंडं आठवड्यातून तीनदा केलं.

बसवेना. भाजी चिरताना हात डोक्याकडे, पोथी वाचताना हात डोक्याकडे. दिवसातून चार वेळा केर काढायची.

"काय झाडतेस सारखी?" यांनी विचारलं.

"केस."

"कुणाचे?"

"तुमचे नाहीत एवढं नक्की." यांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं फक्त टोपी आहे.

ते उठले, माझ्या वेणीचं टोक चिमटीत धरून पाहिलं, जसं पोफळीचं पान बघतात तसं. त्यांना सगळं ठाऊक होतं. वाडीतला माणूस, रंगाचा डबा हलला तरी त्याला कळतं. "खत घातलंस ते घातलंस," ते म्हणाले, "शिंपण कोण करणार?" आणि पंप चालू करायला निघून गेले.

मी दिवसभर धुसफुसत होते, कारण ते खरं होतं. खत घालून पाणी दिलं नाही तर झाड पिवळं पडतं, करपतं, हे मी इतरांना शिकवत आले.

सुपारी सोलणाऱ्या बाईची सून बाजारात लहानसं पार्लर चालवते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. तिने केस ओले केले, एक उपटला आणि दोन बोटांत धरला.

"आजी, हलू नका. हे बघा. ओला केस थोडा ताणला पाहिजे आणि परत यायला पाहिजे. तुमचा ताणतच नाय."

तिने ओढला. तुटला.

"प्रोटीन फार झालंय. वरून कडक आणि आत ओलावा नाय."

"मग आता काय लावू?"

"काय नका लावू."

"काहीच नाही?"

"अंडं बंद, पेज बंद, डाळ बंद. तो केराटिनचा डबा माझ्याकडे आणून द्या, तुमचा भरवसा नाय."

तिने एकदा नीट धुऊन आधीचा थर काढला. मग साधं कंडिशनर, ज्यात प्रोटीन नाही असं, आणि अधूनमधून जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस. विंचरायचं ओले असताना, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. अंबाडा आवळून बांधायचा नाही. "आणि खालचे सरळ आहेत ते कापून टाकू," ती म्हणाली.

"कापायचे नाहीत."

"नका कापू. तुटतील. जाणार तेच आहेत."

किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाली, दोन महिने तरी. दोन महिने नुसतं पाणी आणि पाला. मला कुणी दोन महिने मौन धरायला सांगितलं असतं तर बरं, असं वाटलं. सकाळी विहिरीवर रोज एक केस उपटून ताणून बघायची. तुटला की दिवस गेला. दुपारी आरशासमोर, मग दुसऱ्या आरशासमोर, न जाणो पहिला खोटं दाखवत असेल.

खोटं मी दाखवत होते. नातीचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, आणि मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायची.

"आजी, दाखव ना किती आले."

"आत्ताच न्हायले गं. ओले आहेत."

"मागच्या रविवारी पण ओले होते."

"उकडतं फार."

"फेब्रुवारीत?"

"तू अभ्यास कर."

परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी सुटले. झालेत ना छान, ती विचारायची, आणि मी म्हणायची, बघच तू. मला वाटे, खरं कळलं तर ती त्याच दिवशी पार्लरला फोन करेल.

एकदा राहवलंच नाही. पेजेचा वाडगा घेऊन निघाले, तर हे पडवीत उभे.

"कुठे?"

"प्यायला नेतेय."

"न्हाणीत?"

मग काय करता. तिथेच उभी राहून, त्यांच्यासमोर, शेवटच्या शितापर्यंत प्यायले. मीठसुद्धा घातलेलं नव्हतं.

मार्च संपता संपता विहिरीवर एक केस ताणला आणि परत आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला. मी लोटा तिथेच टाकून घरात आले. हे पेपर वाचत होते, त्यांना दाखवायला गेले तर केस कुठेतरी पडला. ते म्हणाले, "विश्वास ठेवतो," आणि पान उलटलं.

एप्रिलमध्ये मीच बाजारातल्या पार्लरमध्ये गेले आणि म्हणाले, काप. पाऊण हात लांबीचे सरळ केस खाली पडले. राहिले ते कानाच्या पाळीपर्यंत, पांढरे, कुरळे. पण कानशिलांवर जिथे फार तुटले होते तिथे दोनच बोटं. एक बाजू वर, एक खाली. दिवाळीत मी जे डोळ्यांसमोर ठेवून बोलले होते ते हे नव्हतं. हे बघून कुठल्या मुलीने आपला बेत बदलावा, असं त्यात काही नव्हतं.

मेमध्ये नात आली. पायरीवर बॅग ठेवली आणि बघत राहिली. टॉवेल न घेण्याचं मी सकाळीच ठरवलं होतं. मी सगळं सांगितलं, एका दमात. अंडी, पेज, डाळ, रविवारचे ओले केस. झालेत ना छान, याला मी दिलेली उत्तरंसुद्धा. तिने माझ्या केसांत बोटं घातली, एक वळण ओढून सोडलं, ते परत आखडलं. मग हातपाय धुवायला गेली, चार घावन खाल्ले, आजोबांशीच कॉलेजबद्दल बोलत बसली. मी स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून अंगणात. रात्रीचं दूध दोनदा तापवलं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत पडलेल्या झावळ्या गोळा करत होते. ती मागून आली, एक झावळी उचलून माझ्या ढिगावर टाकली आणि म्हणाली, "माझी अपॉइंटमेंट सोमवारची आहे. तू माझ्याबरोबर पनवेलला येतेस. रद्द करायची की नाही ते मी तिथे खुर्चीत बसल्यावर ठरवणार, आणि मी ठरवेपर्यंत तू तोंडातून एक अक्षर काढायचं नाहीस."